हौसानं बेतलेलं घर

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं असेल, तर चादरीची घडी घातली. मंगळवार होता. दुपारची जेवणं झाली होती. गच्चीवरनं वाळलेली चादर मी खाली आणली. दोन टोकं तिनं धरली, दोन मी धरली. "तुमचा कोपरा खाली आलाय," ती म्हणाली. माझा कोपरा लग्न झाल्यापासून खालीच येत होता. मी म्हटलं, "तुझा वर गेलाय." तिनं माझ्या हातातनं टोकं काढून घेतली, घडी मोडली, एकटीनं नीट घातली आणि आडवी होता होता म्हणाली, "चारला उठवा. उद्या साहेब जागा बघायला येणार, कागद लावून ठेवायचेत."

चारला मी चहा टाकला आणि हाक मारली. तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला मला कळलं.

लोक भेटायला येतात आणि म्हणतात, हौसाबाई म्हणजे देवमाणूस. काही देवमाणूस नव्हती. भांडखोर होती, हट्टी होती, आणि दुसऱ्याच्या अंगातल्या कपड्याला तोंडावर नावं ठेवायची. जी नव्हती ती सांगून काय उपयोग? जी होती ती सांगतो.

ती ब्लाउज शिवायची. मंडईमागं आमच्या दोन भाड्याच्या खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिचं मशीन. मी मंडईत केळी विकायचो. माझं शिक्षण चौथी, तिचं दुसरी. त्यामुळं घरात मी शिकलेला. पण माप घ्यायचं म्हटलं की मी अडाणी आणि ती विद्वान. गळ्यात टेप कायम. लग्नाला निघाली तरी टेप गळ्यात, वरनं मंगळसूत्र. मी म्हणायचो, "काढ ते." ती म्हणायची, "डॉक्टर काढतो का?" तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं बाई रागावलीय. जुन्या गिऱ्हाइकांना माहीत होतं, टाचण्या काढून बोलते तेव्हा रागावलेली असते.

टेप तिला खरं तर लागत नव्हता, डोळ्यानंच मापायची. एकदा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. नवरीची आई वाढायला आली. हौसा माझ्या कानात म्हणाली, "अंग अडतीस, शिवलंय छत्तीस. मठ्ठ्यापर्यंत टिकत न्हाई." मी म्हटलं, जेव गप. जिलेबी वाढायला ती बाई वाकली आणि पाठीत टर्रकन आवाज झाला. सगळे इकडंतिकडं बघायला लागले. हौसानं पिशवीतनं सुईदोरा काढला, बाईला भटारखान्यात नेलं, उभ्या उभ्या टाके घातले आणि परत येऊन बसली. वर मला म्हणते, "जिलेबी हाय का संपवली?"

कमी कापडाचा ब्लाउज ही तिची खासियत. शिंपी ज्याला हात जोडायचे ते कापड बायका तिच्याकडं आणायच्या. जाड बाई आणि पाऊण मीटर कापड. हौसा ते कापड जमिनीवर पसरायची, भोवती एक फेरी मारायची, पुन्हा उलटं पसरायची. कात्री लावायची नाही. एक दिवस, दोन दिवस नुसतं बघायची. मग वर्तमानपत्राचा फर्मा कापायची, म्हणजे कापडाच्या आधी कागदावर सगळा ब्लाउज अंगाएवढा कापून बघायचा. तो हजार ठिकाणी फिरवायची आणि मग कात्री. "कापड कमी नसतंय," असं तिचं म्हणणं. "कात्री घाईची असती."

हे सगळं सांगतोय ते जागेसाठी.

कात्रजच्या अलीकडं आत एका बाजूला जागा घेतली ती मी, तिला न विचारता. विकणारा माणूस बांधावर उभा राहिला, हात लांब केला आणि म्हणाला, "इथनं त्या बाभळीपर्यंत." मी बाभळीकडं बघितलं आणि खूश झालो. बाभळीपर्यंत जागा होती हे खरं, पण ती दोन मालकांची होती. माझी अर्ध्यावर संपत होती. अर्धा गुंठा. रुंदी साडेसोळा फूट, लांबी तेहतीस.

हौसाला जागा दाखवायला नेलं तेव्हा मी रस्त्यातच कबूल केलं. दुसरी एखादी तिथंच रडली असती. हिनं पावलाला पाऊल लावत जागा आडवी चालून बघितली, मग उभी. मग मधोमध बसली, फडकं सोडलं आणि भाकरी खायला लागली. मी उभाच. भाकरी संपवून म्हणाली, "पट्टी हाय. पन पोत चांगलं हाय. बसा आता." आयुष्यभर पुढं, मी कुठं काही विकत घ्यायला निघालो की तिचा एकच प्रश्न असायचा, "बाभळीपर्यंत का?"

जागा बरीच वर्षं तशीच पडली. मुलीचं, सुमनचं, लग्न झालं, ती वाघोलीला गेली. मी केळी बंद केली. मग हौसानं एक दिवस टाचण्या तोंडातनं काढल्या आणि म्हणाली, "आता बांधायचं. आन चोरून न्हाई. कागद करून." शेजारीपाजारी न विचारता मजले चढत होते, आणि हिला परवानगीचं घर पाहिजे. का, तर, "उद्या कुनी आलं आन म्हनलं उसवा, तर शिवलेलं उसवायला मला जमत न्हाई."

मग सायलीमॅडम आल्या. आर्किटेक्ट. सुमनपेक्षा लहान मुलगी, पायात बूट, हातात आयपॅड. चांगली पोरगी. तिनं नियम सांगितला. "काकू, प्लॉट लहान असला तरी दोन्ही साइडला मार्जिन सोडावं लागतं. तुमच्या केसमध्ये तीन-तीन फूट. फ्रंटला, मागे, ते वेगळं."

हौसानं तोंडीच हिशोब केला. साडेसोळातनं सहा गेले, राहिले साडेदहा. भिंतींच्या जाडीचा एक. साडेनऊ. जिन्याला तीन. साडेसहा.

"यांना आडवं झोपवलं तर बसतील," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "पन मग मी मोरीत जायला यांच्यावरनं जायाचं."

सायलीमॅडम हसल्या आणि म्हणाल्या, एक मार्ग आहे. अडचणीच्या प्लॉटला बांधकामाची परवानगी देणारे साहेब एका बाजूचं मार्जिन माफ करू शकतात. पण अर्ज करायचा, अडचण पटवून द्यायची, आणि त्या बाजूच्या शेजाऱ्याची लेखी संमती लागते. देतील की नाही ते साहेबांच्या हातात.

मॅडमनी नकाशा काढून आणला. हौसानं तो तळहातावर धरला. "एवढूसं? हे कुनाचं घर, उंदराचं?" मॅडमनी समजावलं की शंभराला एक असं प्रमाण असतं. हौसानं मान हलवली, म्हणजे पटलं नाही.

मी समजून जायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवसापासनं घरात रद्दी यायला लागली. शेजारच्यांची, किराणावाल्याची, डॉक्टरच्या दवाखान्यातली. तिनं गव्हाच्या पिठाची खळ केली आणि गच्चीवर वर्तमानपत्रं एकाला एक चिकटवत बसली. आठ दिवसांनी मला दिसलं की ती घराचा फर्मा करतेय. खऱ्या मापाचा. एक फूट म्हणजे एक फूट. स्वयंपाकघर निळ्या खडूनं, मोरी लाल, जिना पायरी-पायरीनं. मी म्हटलं, "अगं, साहेब हाकलतील." ती म्हणाली, "एवढ्याशा कागदावर सायबाला अडचन दिसंल का? अडचन अंगाएवढी दाखवाय पायजे."

अर्जाच्या सुनावणीच्या दिवशी ते घर गोणीत भरून आम्ही रिक्षानं नेलं. रिक्षावाला म्हणाला, काय आहे? हौसा म्हणाली, "घर." त्यानं मीटर टाकलं.

ऑफिसात साहेबांच्या खोलीत घर मावेना. मग तिनं ते बाहेरच्या बोळात पसरलं. बोळ लांबच लांब होता, रुंदी दहा-एक फूट. दोन्ही बाजूंनी मार्जिन सोडून जे घर होणार होतं, ते त्या बोळात बरोबर बसलं. भिंतीला भिंत. लोकांना जायला जागा राहिली नाही. चहावाला किटली घेऊन आला तो सरळ आमच्या मोरीतनं स्वयंपाकघरात शिरला. हौसा ओरडली, "ए, कागद फाटंल, कडंनं जा!" तो म्हणाला, "मावशी, कड कुठंय?"

"तेच तर सायबाला दाखवायचंय," हौसा म्हणाली.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. पन्नाशीचा माणूस, कपाळाला आठी, हातात पेन. त्यांनी पाऊल टाकलं तेवढ्यात हौसा म्हणाली, "साहेब, बूट काढा. सैपाकघर हाय."

मी डोळे मिटले. उघडले तर साहेब मोज्यांवर उभे होते. त्यांनी पुढच्या दारातनं आत येऊन सगळं घर चालून बघितलं. जिन्यापाशी त्यांना अंग आडवं करून जावं लागलं. त्यांनी विचारलं, "बाई, हा शंभराला एक असा का नाही आणलात?"

"साहेब, शंभराला एक अशी बाई ब्लाउज शिवायला येती का?"

साहेब हसले नाहीत. पण खाली बसून त्यांनी जिन्यापासून भिंतीपर्यंत स्वतःच्या हातानं टेप लावला. तिचाच टेप, गळ्यातला. मग उठून म्हणाले, "अडचण दिसली. शेजाऱ्यांची संमती आणा, मी जागा बघायला येतो. पण संमतीशिवाय माझा हात चालणार नाही."

शेजारी म्हणजे देवधर सर. गणिताचे शिक्षक, निवृत्त, एकटेच राहतात. आमच्या जागेला लागून त्यांचं बैठं घर. त्यांच्या न्हाणीघराची खिडकी आमच्या बाजूला, पूर्वेला. आम्ही भिंत हद्दीवर आणली तर ती खिडकीपासून तीन फुटांवर येणार.

हौसा गेली, मी मागं. सरांनी दार अर्धं उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संमती मिळणार नाही. विचारलंत, आभारी आहे." दार बंद.

पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"बाई, उत्तर बदललेलं नाही. गणितात बदलत नाही."

"पन का न्हाई ते तरी सांगा."

"त्या खिडकीच्या उजेडात मी रोज सकाळी दाढी करतो. बत्तीस वर्षं."

"बल्ब लावा."

"बल्बात गाल दिसतो, केस दिसत नाही. आपण कधी दाढी केलेली नसल्यामुळे आपल्याला हे ठाऊक नसणार."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "म्हातारा खोटारडा आहे. उजेड-बिजेड काही नाही. द्यायचं नाही म्हणून काहीतरी काढलंय." मला वाटलं आता घर बुडालं. तिलाही वाटलं असावं, कारण त्या आठवड्यात दोन ब्लाउजांच्या बाह्या तिनं उलट्या लावल्या. असं कधी झालं नव्हतं.

मग एका सकाळी ती एकटीच गेली. पुढचं मला सरांनीच सांगितलं. सर बनियनवर, तोंडाला साबण, ब्रश हातात. हिनं बेल मारली आणि म्हणाली, "न्हाणीघर बघायचंय."

"ते प्रदर्शनीय नाही."

"मी मोरी बघायला न्हाई आले. उजेड बघायला आले."

आणि ती शिरली. पाट ओढून न्हाणीघरात बसली. सर दारात साबण वाळवत उभे. दहा मिनिटं ती खिडकीकडं, भिंतीकडं आणि सरांच्या गालाकडं बघत बसली. मग उठली, म्हणाली, "डाव्या कानाखाली राह्यलंय तुमचं," आणि निघून आली.

घरी येऊन मला म्हणाली, "सर खरं बोलत्यात." एवढंच. संध्याकाळी गच्चीवर तिनं कागदाचं घर पसरलं आणि दोन दिवस नुसती भोवती फिरली. तिसऱ्या दिवशी कात्री घेतली आणि सरांच्या खिडकीसमोर जिथं आमची भिंत यायची तिथं घराचा तुकडा कापून काढला. चार फूट लांब, तीन फूट आत.

"हे काय केलंस?"

"मुंढा घेतला."

ब्लाउजला हात जायला कापतात तो मुंढा. कापड थोडं असलं तरी मुंढा घ्यावाच लागतो, नाहीतर हात हलत नाही, असं तिनं मला समजावलं. भिंत सरांच्या खिडकीपाशी आत वळवायची, खिडकी ओलांडली की पुन्हा हद्दीवर आणायची.

मी कागद बघितला आणि माझं डोकं फिरलं. कापून काढलेला तुकडा म्हणजे तिच्या मशीनची जागा होती. खिडकीपाशी, उजेडात, तिनं स्वतः खडूनं मशीन काढलं होतं तिथं. मी ओरडलो. "त्या म्हाताऱ्याच्या दाढीसाठी तू मशीन जिन्याखाली नेणार? आंधळी होशील!"

तिनं टाचण्या तोंडातनं काढल्या. "आवाज खाली करा. घर पायजे का भांडान पायजे? सुई मी डोळं मिटून ओवते. त्यांना दाढी डोळं मिटून न्हाई येत."

सरांकडं तिनं कागदाच्या घराचा तेवढाच खाच पडलेला भाग नेला. सरांनी लाकडी फूटपट्टी आणली, गुडघ्यावर बसून मोजलं आणि म्हणाले, "खिडकीच्या चौकटीपेक्षा अर्धा इंच कमी आहे." हिनं पिशवीतनं कात्री काढून तिथंच एक इंच आणखी कापला. सर म्हणाले, "अर्धा पुरे होता." ही म्हणाली, "अर्धा शिलाईत जातो." सरांनी स्वतःच्या अक्षरात संमती लिहिली. अटी क्रमांक एक ते तीन, पहिली त्या मुंढ्याची, खाली सही. तिसरी अट अशी होती की, न्हाणीघराची पाहणी पूर्वसूचना देऊन करावी.

त्या संमतीवर साहेबांनी बुधवार सकाळ दिली. आणि मंगळवारी दुपारी चादरीची घडी घालून ती झोपली.

संध्याकाळी नेलं, अग्नी मी दिला. परत आल्यावर सुमननं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "आण्णा, आता ते घर राहू दे. कुणासाठी बांधताय? वाघोलीला चला. साहेबांना मी फोन करते, येऊ नका म्हणून."

मी म्हटलं, "करू नको."

"पण तुम्ही एकटे काय करणार तिथं?"

मी पाणी प्यालो आणि भांडं तिच्या हातात दिलं.

सकाळी सुमनला उठवलं नाही. संमतीचा कागद सापडायला वेळ गेला, अंघोळ राहिली, तसाच निघालो. जागेवर पोचलो तर साहेब, सायलीमॅडम आणि देवधर सर तिघं उभे. सर पांढऱ्या सदऱ्यात, दाढी केलेले. साहेबांनी माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, "बाई नाही आल्या?"

"काल दुपारी वारली. तुम्ही मोजा."

सायलीमॅडम तोंडावर हात ठेवून वळल्या. साहेबांनी फाइल मिटली. "काका, आज राहू दे. मी पुढच्या महिन्यात येतो."

"आज आलात ना? आज मोजा."

साहेबांनी मोजलं. काम चालू असताना देवधर सर माझ्याजवळ आले. जमिनीकडं बघत म्हणाले, "अट क्रमांक एक मी मागे घेतो. भिंत सरळ न्या. तुम्हाला पूर्ण खोली मिळेल. माझं काय, मी बल्ब लावीन."

साहेबांनी ऐकलं. "काका, मग नकाशा बदलावा लागेल. ती खाच ठेवायची की काढायची? मला आजच्या अहवालात लिहायचंय."

खोली मोठी होत होती, हे खरं. मशीन आता कुणी चालवणार नव्हतं, हेही खरं. अर्ध्या गुंठ्यात बारा फूट जागा कोण सोडतं? मी म्हटलं, "थांबा जरा."

सरांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "अंघोळ झालेली नाही आपली."

"नाही."

"पाणी तापलंय. चला."

"मला सुतक आहे."

"पाण्याला नसतं."

सरांच्या न्हाणीघरात मी पहिल्यांदाच गेलो. लहानसं, स्वच्छ. पाट भिंतीला टेकवलेला होता तो आडवा केला आणि बसलो. दोन तांबे डोक्यावर घेतले. डोळ्यांतलं पाणी निपटून वर बघितलं. नऊ वाजले होते. खिडकीतनं ऊन थेट आत येऊन माझ्या हातावर पडलं होतं. हातावरचा एक एक पांढरा केस दिसत होता. म्हातारा खोटं बोलत नव्हता. मी उरलेलं पाणी घेतलं नाही, तसाच उठलो.

ओल्या डोक्यानं बाहेर आलो आणि साहेबांना म्हटलं, "लिहा. ती खाच तशीच. तिनं बेतलंय तसंच घर होईल."

सर म्हणाले, "अहो, पण मी स्वतः..."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं.

साहेबांनी लिहिलं. मी खाली सही केली. सही करताना कागदावर डोक्यातलं पाणी ठिबकलं, ते साहेबांनी स्वतःच्या रुमालानं टिपलं. देवधर सरांनी माझ्या खांद्याकडं बघितलं.

"टॉवेल माझा आहे."

मी खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या दोरीवर वाळत घातला, आणि साहेबांना मागची हद्द दाखवायला गेलो.